कोण निवडून आलं गं?

१ फेब्रुवारी २०२१. सोमवार. देशाच्या बजेटचा दिवस.

मी तेव्हा एका मराठी न्यूज ॲपसाठी घरून काम करायचे. पहाटे पाचची शिफ्ट. अकरा वाजता अर्थमंत्री भाषणाला उभ्या राहणार, त्यामुळे सगळा डेस्क टॅक्स स्लॅब आणि काय स्वस्त-काय महाग याच्या तयारीत होता. अशात म्यानमारमधून बातम्या यायला लागल्या आणि त्या डेस्कवरच्या सगळ्यात ज्युनिअर माणसाकडे ढकलल्या गेल्या. म्हणजे माझ्याकडे.

कॉलवर मी म्हटलं, "सर, म्यानमारमध्ये कूप झालाय."

दोन सेकंद शांतता. मग कोणीतरी अनम्यूट होऊन म्हणालं, "अगं, कूप म्हणजे विहीर. पी सायलेंट असतो त्यात. कू."

सगळे हसले. मीही हसले. कॅमेरा बंद होता ते बरं. मराठी माध्यमातून आलेल्या माणसाकडे अशा सायलेंट अक्षरांची यादीच असते. कुठलं अक्षर, कुठे फजिती झाली, कोणासमोर झाली, सगळं पाठ. माझ्या यादीत त्या दिवशी एक 'पी' वाढला.

पण उच्चार कळला तरी प्रश्न सुटला नव्हता. मोबाइलवर जाणाऱ्या नोटिफिकेशनमध्ये लिहायचं काय? 'म्यानमारमध्ये कू' असं लिहिलं असतं तर लोकांना वाटलं असतं, ते 'कू' नावाचं देशी ट्विटर म्यानमारमध्ये लाँच झालं. 'लष्करी बंड' लिहावं, तर बंड करतात ते खालचे लोक, वरच्यांविरुद्ध. इथे तर लष्करप्रमुखच पुढे होते. 'क्रांती'? छे. 'उठाव'? उठाव म्हटलं की मला माणसांनी भरलेले रस्ते दिसतात, आणि त्या पहाटे रस्त्यावर फक्त लष्कराच्या गाड्या होत्या. घड्याळ पुढे सरकत होतं. नोटिफिकेशनला जेमतेम चाळीस-पन्नास अक्षरांची जागा. मी लिहिलं, 'म्यानमारमध्ये सत्तापालट, सू ची स्थानबद्ध', आणि पाठवून दिलं.

स्वयंपाकघरात आईचा फोन वाजला. आमच्या ॲपची ती सगळ्यात इमानदार वाचक. चहाचा कप घेऊन ती माझ्या दारात आली आणि म्हणाली, "म्यानमारमध्ये कोण निवडून आलं गं?"

मी वैतागून म्हटलं, "अगं आई, निवडणूक नाही. मिलिटरीने सरकार पाडलं."

"मग तसं लिही ना," ती म्हणाली. "सत्तापालट म्हटलं की मला वाटलं, मतमोजणी झाली."

ती चहा ठेवून गेली. तिचं वाक्य मात्र माझ्या खोलीत बसून राहिलं.

कारण त्यात चूक तिची नव्हती. आपल्याकडे ग्रामपंचायतीत पॅनल बदललं तरी 'सत्तापालट' होतो. केरळमध्ये डावे जाऊन काँग्रेस आघाडी आली तरी 'सत्तापालट'. शब्दाचा अर्थ एवढाच की सत्ता एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळली. कोणी वळवली, बंदुकीने की मताने, याबद्दल तो शब्द तोंड उघडत नाही.

आणि म्यानमारमध्ये काय झालं होतं? ८ नोव्हेंबर २०२० ला निवडणूक झाली होती. मतदान झालेल्या ४७६ जागांपैकी ३९६ जागा सू ची यांच्या पक्षाने जिंकल्या होत्या. लष्कराच्या मर्जीतल्या पक्षाला ३३ मिळाल्या. खरं तर तिथल्या संसदेतल्या एक चतुर्थांश जागा राज्यघटनेनेच लष्करासाठी राखून ठेवलेल्या आहेत, तरीही लष्कराला हा निकाल पचला नाही. नवी संसद पहिल्यांदा बसणार होती तो दिवस म्हणजे १ फेब्रुवारी. त्याच पहाटे धरपकड झाली. म्हणजे लोकांनी दिलेला कौल अमलात येऊ नये म्हणून हे सगळं केलं गेलं, आणि मी त्याला नाव दिलं होतं, सत्तापालट.

त्या दिवसातला एक व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. म्यानमारच्या राजधानीत एक व्यायामशिक्षिका रस्त्याच्या चौकात एरोबिक्स करते आहे. गाणं वाजतंय, तिचे हात तालात हलतायत, आणि तिच्या पाठीमागून काळ्या गाड्यांचा ताफा संसदेच्या दिशेने जातो आहे. तिला पत्ताच नाही. जगभर तो व्हिडिओ गमतीने फिरला. मला मात्र तो बघताना माझंच नोटिफिकेशन आठवत राहिलं. मागे एवढं सगळं चाललेलं, आणि पुढे आपण आपल्या तालात.

त्यानंतर मी या 'कू'च्या मागेच लागले.

शब्द फ्रेंच. पूर्ण रूप 'कू दे-ता'. 'एता' म्हणजे राज्यसंस्था आणि 'कू' म्हणजे फटका, टोला, तडाखा. मागे मागे गेलं की तो लॅटिनमधून ग्रीकपर्यंत पोचतो, आणि तिथे त्याचा अर्थ सापडतो, थोबाडीत. मला हे फार आवडलं. एवढा सुटाबुटातला शब्द, सायलेंट पी वगैरे लावून फिरणारा, आणि मुळात कानफटात!

फ्रेंच लोक हा 'कू' कुठेही लावतात. फोन करणं हा एक 'कू'. ओझरती नजर टाकणं हा 'कू'. मदतीचा हात देणं 'कू', उन्हाने कातडी भाजणं 'कू', आणि वीज पडावी तसं बघताक्षणी प्रेमात पडणं तोही 'कू'च. वाचताना वाटलं, हे आपल्या ओळखीचं आहे. आपण फोन 'मारतो', डोळा 'मारतो', गप्पा 'मारतो', चक्कर 'मारतो', पुरणपोळीवर ताव 'मारतो'. फ्रेंचांचा 'कू' म्हणजे आपलं 'मारणं'.

इंग्रजीने यातले दोन अर्थ जास्त करून उचलले. एक सरकार उलथण्याचा. दुसरा, एखाद्याने अवघड गोष्ट झटक्यात साधली तर त्याला शाबासकी म्हणून. एखाद्या छोट्या प्रकाशकाने मोठा लेखक मिळवला, तर तो त्याचा 'कू'. आपण म्हणतो, 'बाजी मारली'. एकच शब्द लुटीलाही आणि कौतुकालाही. आपलं 'मारणं'ही तसंच आहे म्हणा. बाजी मारतात, तसा डल्लाही मारतात.

आणखी एक गोष्ट कळली, ती जरा डोकं फिरवणारी. गाब्रिएल नोदे नावाच्या फ्रेंच ग्रंथपालाने १६३९ मध्ये या 'कू दे-ता'वर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याचा अर्थ राजाविरुद्धची कृती असा नव्हताच. राजाने स्वतः, राज्याच्या भल्यासाठी म्हणून, गुपचूप आणि कायदा बाजूला ठेवून केलेला घाव म्हणजे 'कू दे-ता'. १५७२ साली पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली, तिचंही त्याने या नावाखाली समर्थन केलं. म्हणजे या शब्दाच्या लहानपणी मारणारा हात वरच बसलेला होता. पुढेही ते सुटलं नाही. २ डिसेंबर १८५१ ला लुई नेपोलियनने संसद बरखास्त केली तेव्हा तो फ्रान्सचा निवडून आलेला अध्यक्ष होता. मुदत संपत आली होती, आणि घटना त्याला लगेच पुन्हा उभं राहू देत नव्हती. पेरूमध्ये ५ एप्रिल १९९२ ला अध्यक्ष फुजीमोरी यांनी लष्कराला बरोबर घेऊन स्वतःच्याच देशाची संसद बंद केली. स्पॅनिशमध्ये अशा प्रकाराला वेगळा शब्दच आहे, 'आउतोगोल्पे'. स्वतःच घातलेला घाव. म्हणजे रणगाडे बाहेरूनच यायला हवेत असं काही नाही. कधीकधी आत बसलेला माणूसच दाराला कडी लावून घेतो.

मग तुर्की. तुर्की भाषेत 'कू'ला म्हणतात 'दार्बे'. अरबीतून आलेला शब्द, अर्थ पुन्हा तोच, फटका. ज्या अरबी धातूपासून तो आला, त्याच धातूपासून फारसीमार्गे एक शब्द मराठीतही आला आहे. जरब. मी हे वाचलं तेव्हा मध्यरात्र होती आणि कोणाला तरी उठवून सांगावंसं वाटलं होतं. 'पोरांवर जरा जरब बसव' म्हणतो ना आपण, ती जरब. तुर्कांनी त्या शब्दातला फटका ठेवला. आपण फटका बसल्यावर मागे काय उरतं ते ठेवलं. धाक.

हाच शब्द मोगलांच्या नाण्यांवरही आहे. 'ज़र्ब' आणि पुढे टाकसाळीच्या गावाचं नाव. म्हणजे हे नाणं अमुक गावी ठोकलं. तख्तावर नवा माणूस आला की आपल्या नावाचं नाणं पाडायचा. घाव एकदा गादीवर बसायचा आणि एकदा नाण्यावर. दुसरा घाव पहिल्याला पक्का करायचा. नाणं बाजारात चाललं, की माणूसही चालला.

आता नाणी तशी पाडत नाहीत. त्यांचं काम शब्द करतात. प्रत्येक 'कू'नंतर पहिली झटापट होते ती नावावरून.

१५ नोव्हेंबर २०१७ च्या पहाटे झिम्बाब्वेच्या सरकारी टीव्हीवर गणवेशातला एक अधिकारी आला आणि त्याने जाहीर केलं की लष्कराने सरकार ताब्यात घेतलेलं नाही. रस्त्यावर रणगाडे होते, अध्यक्ष मुगाबे घरात अडकले होते. सहा दिवसांनी ३७ वर्षांची त्यांची सत्ता राजीनाम्याने संपली. पण 'कू' झालाच नव्हता!

म्यानमारच्या लष्करानेही आपण घटनेनुसारच आणीबाणी लावली असं सांगितलं. महिना संपायच्या आत तिथल्या माध्यमांना तंबी गेली की 'कू', 'जुंटा' हे शब्द वापरायचे नाहीत. काही पत्रकारांनी त्यापेक्षा नोकरी सोडली. मी तो शब्द कोणी दम न देताच टाळला होता. जागा पुरत नव्हती म्हणून.

शब्दाला किंमत असते ती अशी. अमेरिकेत एक कायदेशीर तरतूद आहे. लोकांनी निवडलेलं सरकार लष्कराने उलथलं, असं अमेरिकेने अधिकृतपणे ठरवलं, तर त्या देशाच्या सरकारला दिली जाणारी बरीचशी मदत थांबवावी लागते. मग काय होतं बघा. म्यानमारमधल्या घटनेला अमेरिकेने दुसऱ्याच दिवशी, २ फेब्रुवारीला, 'कू' म्हटलं. तिथल्या सरकारला थेट जाणारी मदत फारशी नव्हतीच. इजिप्तमध्ये ३ जुलै २०१३ ला लष्करप्रमुख सिसी यांनी निवडून आलेले अध्यक्ष मोर्सी यांना हटवलं. इजिप्तच्या लष्कराला वर्षाला सुमारे १.३ अब्ज डॉलर जात होते. तिथे अमेरिकेने ठरवलं की हा 'कू' आहे की नाही, हे आपण ठरवणारच नाही. एका अक्षरी शब्दाला एवढे पैसे पडतात.

आपण यातून सुटलेलो आहोत असं मात्र नाही. १८५७ ला 'शिपायांचं बंड' म्हणायचं की 'स्वातंत्र्यसमर', यावर आपल्या आजोबा-पणजोबांनी वाद घातलेत. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार फुटून सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, तेव्हा एक बाजू 'गद्दारी' म्हणत होती, दुसरी 'उठाव', आणि आम्ही माध्यमवाले मधला म्हणून 'बंड' लिहीत होतो. तेव्हा डेस्कवरच्या एका मुलाने विचारलं, "आता 'कू' लिहू का?" मी नको म्हटलं. त्या प्रकरणाबद्दल तुमचं मत काहीही असो, तिथे लष्कर नव्हतं. बहुमत, पक्षांतरबंदी, राज्यपाल, कोर्ट, या सगळ्या चौकटीतच ते भांडण चाललं होतं. जिथे चौकटच बंदुकीने तोडली जाते, तिथला शब्द प्रत्येक फुटीला वापरला तर खरी वेळ येईल तेव्हा हातात बोथट शब्द उरेल.

आणि मग मला शनिवारवाडा आठवला. पुण्यात वाढलेल्या प्रत्येक पोराने ही गोष्ट ऐकलेली असते, भुताटकीसकट. ३० ऑगस्ट १७७३. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे. पेशव्यांच्याच पगारावरचे गारदी वाड्यात घुसतात, पगार थकल्याचं निमित्त असतं. नारायणराव काकांकडे धावतात, आणि मारले जातात. काका रघुनाथराव पेशवे होतात. याला 'कू' नाही तर काय म्हणायचं?

पण आपल्या भाषेने त्याची आठवण कशी ठेवली आहे? 'ध चा मा'. कागदावर 'धरावे' होतं, त्याचं 'मारावे' झालं. एक अक्षर इकडचं तिकडे. ते अक्षर आनंदीबाईंनी बदललं, असं सांगितलं जातं. म्हणजे खून गारद्यांनी केला, गादी रघुनाथरावांना मिळाली, आणि म्हण उरली ती एका बाईच्या हस्ताक्षराची. रामशास्त्री प्रभुण्यांनी मात्र चौकशी करून दोष थेट रघुनाथरावांवर ठेवला. रामशास्त्र्यांचं मोठेपण मला आता वेगळं दिसतं. 'झालं' असं म्हणून सोडून न देता त्यांनी 'कोणी केलं' ते सांगितलं, तेही गादीवर बसलेल्या माणसाला. आणि गंमत बघा. पुढे ज्या कारभाऱ्यांनी रघुनाथरावांना दूर करून नारायणरावांच्या तान्ह्या मुलाला गादीवर बसवलं, त्यांच्या खटपटीला आपण आजही 'बारभाईंचं कारस्थान' म्हणतो.

तर 'कू'ला मराठीत काय म्हणायचं? मी बरेच दिवस नाम शोधत होते. लष्करी बंड, तख्तापालट, राज्यापहार, घाला. 'घाला' मला अजूनही आवडतो. 'काळाने घाला घातला' असं आपण लिहितो, त्यातला. अचानकपणा त्यात आहे, फटकाही आहे. पण हळूहळू लक्षात आलं, की मी चुकीच्या ठिकाणी शोधत होते. मला नाम नको होतं. आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ते हवं होतं, 'तसं लिही ना'. मी तिला काय म्हटलं होतं? 'मिलिटरीने सरकार पाडलं.'

मिलिटरी'ने'.

शाळेत विभक्तीचे प्रत्यय घोकले होते आपण. स, ला, ते. ने, ए, शी. तेव्हा ती निव्वळ शिक्षा वाटायची. पण मराठीचा हा 'ने' भारी आहे. कोणी काही केलं, तोडलं, बळकावलं असं भूतकाळात सांगायचं, तर मराठी बहुतेक वेळा विचारतेच, 'कोणी? नाव सांग, आणि त्याला ने लाव.' 'सत्तापालट झाला' मध्ये हात दिसत नाही. 'झाला' हे पावसासारखं आहे, आपोआप होणारं. 'लष्कराने सत्ता बळकावली' म्हटलं की हात दिसतो. त्याला फ्रेंच लागत नाही, सायलेंट पी लागत नाही. तिसरीतलं व्याकरण लागतं.

२६ जुलै २०२३. आफ्रिकेतला नायजर. अध्यक्ष बाझूम यांना त्यांच्याच सुरक्षा दलाने कोंडून ठेवलं. रात्री गणवेशातले अधिकारी टीव्हीवर आले आणि राजवट संपल्याचं सांगून गेले. अमेरिकेला या घटनेला अधिकृतपणे 'कू' म्हणायला १० ऑक्टोबर उजाडला. मला त्या रात्री चार मिनिटं लागली. कॉलवर कोणीतरी नेहमीसारखं म्हणालं, "सत्तापालट टाक, छोटं होतं." मी म्हटलं, "दोन शब्द जास्त लागले तरी चालतील." आणि लिहिलं, 'नायजरमध्ये रक्षकांनीच अध्यक्षांना कोंडलं, सत्ता बळकावली'.

सकाळी आई चहा घेऊन आली. फोन हातातच होता. चष्मा कपाळावर सरकवत म्हणाली, "रक्षकांनीच? म्हणजे गारदीच की गं हे."

मी म्हटलं, "हो."

या वेळी तिने विचारलं नाही, कोण निवडून आलं. विचारलं, "आणि यामागचा काका कोण?"